वादळात पडलेल्या फणसाचा वाडगा

वळवाच्या वाऱ्यात परसातला फणस आडवा झाला की त्याच्या फांद्या बहुधा चुलीत जातात. घरी लेथ (लाकूड फिरवून कातायचं यंत्र) असेल तर त्याआधी हातभर ओंडका मागून घ्या. ओलं फणसाचं लाकूड पटाशीखाली काकडीसारखं सुटतं. वाळलेलं तेच लाकूड धूळ उडवतं आणि धार खातं. (झाड उभं असेल तर गोष्ट वेगळी. आंबा-फणस परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.)

खरी घाई पहिल्याच दिवशी करायची. ओंडका अख्खा ठेवलात तर आठवड्यात उलतो. लाकूड वाळताना वलयांच्या दिशेने जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच केंद्राच्या दिशेने आकसतं, मग ताण कुठेतरी फुटणारच. म्हणून ओंडका उभा चिरा आणि वलयांच्या केंद्रातला मधला ठिपका दोन्ही फाळक्यांतून काढून टाका. लांबी वाडग्याच्या व्यासापेक्षा चार बोटं जास्त ठेवा, टोकांना चिरा पडतातच. त्याच दिवशी कातायला जमत नसेल तर कापलेल्या टोकांवर वितळलेलं मेण फासा. आंब्याला तर एवढीही सवड नसते. त्यावर निळे-काळे डाग लवकर पडतात.

कातायला घेण्याआधी हाताला खोबरेल लावा, गरे काढताना लावतो तसंच. चीक पटाशीलाही चिकटतो, ती मधूनमधून तेलाच्या फडक्याने पुसा. फाळकं गोल छाटून सालीची बाजू वाडग्याच्या तळाकडे धरा आणि फेसप्लेटवर (लेथच्या फिरत्या टोकावरच्या चकतीवर) स्क्रूने पक्कं बसवा. वेग मिनिटाला 400-500 फेऱ्यांवर ठेवा. एक बाजू जड असते, लेथ थरथरतो. तोंडावर पारदर्शक ढाल हवीच, ओली साल कधी उडेल सांगता येत नाही.

आता जाडी. पहिल्या खेपेला वाडगा पुरा करायचा नाही. भिंत व्यासाच्या एक दशांश ठेवा, म्हणजे 25 सेंमीच्या वाडग्याला 2.5 सेंमी, आणि तळही तेवढाच. तळ जाड राहिला की तिथेच तडा जातो; नवशिक्यांचे निम्मे वाडगे यातच जात असावेत. चकमध्ये (लेथच्या जबड्यांच्या पकडीत) धरायची बुडाची बैठक जरा मोठी ठेवा, कारण तीही वाळून लंबगोल होणार. काम संपल्यावर लेथचं लोखंड पुसून तेल लावा.

मग वाडगा कातताना निघालेल्या त्याच्याच ओल्या सालपटांसह कागदी पिशवीत भरा, वजन पेन्सिलीने लिहा आणि वारा-ऊन थेट लागणार नाही अशा जागी ठेवा. कोकणातल्या पावसाळ्यात कोंदट कपाट टाळा, बुरशी धरते. पिशवी दर दोन-तीन दिवसांनी उघडून सालपटं बदला. आठवड्याला एकदा वजन करा. लागोपाठ तीन आठवडे काटा हलला नाही की लाकूड तयार. याला तीन ते सहा महिने लागतात.

आता वाडगा लंबगोल झालेला दिसेल. आधी बैठक पुन्हा गोल करा, मग बाहेरची बाजू, शेवटी आतली. जवसाचं तेल पातळ हाताने, दोन-तीनदा, प्रत्येक वेळी पूर्ण सुकू देऊन लावा. खोबरेल इथे नको, ते सुकत नाही. पिवळाधमक वाडगा उन्हात बसून हळूहळू मधासारखा तपकिरी होईल.