‘कोणतेही काम करेन’ असे लिहू नका: रेकॉर्डिंग स्टुडिओकडे इंटर्नशिप मागताना

स्टुडिओकडे येणाऱ्या इंटर्नशिपच्या अर्जांमध्ये एक वाक्य हमखास सापडते: ‘मी कोणतेही काम करायला तयार आहे.’ लिहिणाऱ्याला ते नम्रपणाचे वाटते. मलाही वाटत असे, आणि ज्यांना कधी उत्तरच आले नाही अशा माझ्या सुरुवातीच्या अर्जांत ते अगदी शेवटी, ठसठशीतपणे लिहिलेले असे. पुढे एका स्टुडिओत आलेले अर्ज चाळण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा त्या वाक्याची दुसरी बाजू दिसली. म्हणून बाकीचे शिष्टाचार आटोपशीर आणि हा एक सापळा मात्र सविस्तर सांगते.

स्टुडिओ मॅनेजर तुमचा मेल वाचतो तो दोन सेशनच्या मधल्या फटीत. एका क्लायंटचे बिल काढायचे राहिलेले असते, दुसऱ्याने तासभर आधी येतो म्हणून कळवलेले असते आणि बूथमधल्या एका हेडफोनची डावी बाजू बंद पडलेली असते. अशा वेळी ‘कोणतेही काम’ वाचल्यावर सगळे प्रश्न त्याच्याच अंगावर येतात. या मुलाला किंवा मुलीला नेमके काय येते, कोणत्या वारी येता येईल, सेशन लांबले तर थांबता येईल का, किती महिने टिकणार, आणि शिकवायला कोणाला मोकळे करायचे? यातल्या प्रत्येक प्रश्नासाठी त्याला उलट मेल लिहावा लागेल, आणि तेवढा वेळ त्याच्याकडे नसतो. तो तुम्हाला नाकारत नाही. नंतर पाहू म्हणतो, आणि ते ‘नंतर’ उजाडत नाही. तुम्ही मात्र घरी बसून आपल्यात काय कमी आहे याचा विचार करत राहता.

दुसरे नुकसान याहून सूक्ष्म आहे. जो ‘कोणतेही काम’ म्हणतो त्याच्या मनात बहुधा मिक्सिंगच्या टेबलाशी बसण्याचे चित्र असते आणि बाकी कामांची त्याने फारशी कल्पनाच केलेली नसते, हे अनुभवी माणसाला लगेच कळते. इंटर्नच्या वाट्याला प्रत्यक्षात येते ते केबल गुंडाळणे, स्टँड लावणे आणि उतरवणे, प्रत्येक हेडफोन कानाला लावून तपासणे, टेकची, म्हणजे प्रत्येक वेळी केलेल्या ध्वनिमुद्रणाची, नोंद ठेवणे, फाइल्सचा बॅकअप घेणे आणि सेशननंतर खोली पुन्हा मूळ अवस्थेत आणणे. ही कामे तुम्हाला ठाऊक आहेत आणि त्यांतली काही नीट जमतात, एवढे पत्रातून दिसले तरी पुरते. उदाहरणार्थ असे लिहिता येईल:

‘नमस्कार. मी ध्वनिमुद्रणाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून चार महिने, सोमवार ते गुरुवार, दुपारी दोननंतर मी येऊ शकतो. सेशन लांबल्यास रात्री थांबण्याची अडचण नाही. केबल ओव्हर-अंडर पद्धतीने गुंडाळणे, ड्रम किटला माइक लावणे आणि प्रो टूल्समध्ये सेशन तयार करून ट्रॅकना नावे देणे ही कामे मला स्वतंत्रपणे जमतात. पॅचबेवर फारसे काम केलेले नाही. आपल्याला सोयीच्या दिवशी दहा मिनिटे भेटायला येऊ का?’

खाली पूर्ण नाव आणि फोन नंबर. बस्स.

यातले पॅचबेचे (स्टुडिओतल्या यंत्रांच्या जोडण्या तारांनी बदलता येतात त्या फलकाचे) वाक्य पुष्कळ जण भीतीने गाळतात. मी ते ठेवायला सांगेन, कारण न येणाऱ्या माणसापेक्षा न येता ‘हो, येते’ म्हणणाऱ्या माणसाचा स्टुडिओला जास्त धसका असतो. कंडेन्सर माइकसाठी दिलेला 48 व्होल्टचा फँटम पॉवर (माइकच्या तारेतूनच जाणारा वीजपुरवठा) चालू असताना कोणी पॅचबेवर चुकीची तार खोचली, तर जुन्या रिबन माइकची नाजूक पट्टी कायमची बिघडू शकते. असा माइक ज्याच्या मालकीचा आहे तो तुमच्या आत्मविश्वासाला भाळत नाही.

केबलचेही तसेच. तुम्ही ओव्हर-अंडर लिहिले असेल, तर भेटीच्या दिवशी एखादी लांब केबल सहज म्हणून तुमच्या हातात दिली जाण्याची शक्यता मोठी आहे. एक वेटोळे सरळ, पुढचे मनगट आत वळवून उलटे, म्हणजे केबलला पडणारा पीळ प्रत्येक जोडीत सुटत जातो, आणि एक टोक धरून ती फेकली की गाठ न पडता जमिनीवर सरळ उलगडते. हात आणि कोपराभोवती गुंडाळणारा तिथल्या तिथे उघडा पडतो. ही पद्धत घरी एका संध्याकाळी बसवता येते, तेव्हा न येणारी गोष्ट लिहिण्यापेक्षा ती शिकूनच लिहा.

पत्र कोणाला पाठवायचे, तर स्टुडिओ मॅनेजरला; तसे कोणी नसेल तर मालकाला किंवा मुख्य इंजिनिअरला, आणि तेही नावानिशी. एकच मेल अनेकांना, सगळ्यांचे पत्ते दिसतील असा पाठवणे हा सरळसरळ अपमान समजला जातो आणि तसे समजणे योग्यच आहे. शिवाय स्टुडिओ कशाचा आहे ते पाहून मजकूर बदला. डबिंगच्या स्टुडिओला ड्रम किटच्या माइकचे कौतुक नसते. तिथे टेकची अचूक नोंद, संवादाचा ओठांशी जमणारा मेळ आणि फाइलला शिस्तीने दिलेले नाव यांना किंमत असते. चित्रपट आणि व्हिडिओचे काम साधारणपणे 48 किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटवर (आवाजाचे दर सेकंदाला किती नमुने घेतले जातात त्या दरावर) चालते, तर सीडीचा दर 44.1 किलोहर्ट्झचा. 48 ची फाइल 44.1 ची समजून वाजवली गेली, तर ती संथ होते आणि सूर जवळजवळ दीड अर्धस्वराने खाली येतो. हे माहीत असल्याचे पत्रात मिरवण्याची गरज नाही, पण भेटीत विषय निघालाच तर गोंधळलेला चेहरा नसावा.

स्वतःची गाणी पहिल्या मेलला जोडू नका. जड फाइल तर नाहीच, आणि उघडण्यासाठी परवानगी मागणारी लिंक त्याहून नाही. इंटर्न निवडणाऱ्याला तुमची चाल कशी आहे हे जाणून घ्यायचे नसते. शिवाय गाणी पाठवणारा माणूस बहुधा फुकट स्टुडिओ वापरायला मिळेल या आशेने आला आहे, असा संशय येतो. तो संशय अनेकदा खरा ठरतो, म्हणूनच तो येतो. मागितले तर एकच काम पाठवा आणि त्यात तुमचा हात नेमका किती होता ते प्रामाणिकपणे लिहा.

फोन करायचा तर सकाळी लवकर करू नका, कारण रात्रीचे सेशन उरकून माणसे झोपलेली असतात. आगाऊ न कळवता दारात उभे राहण्याचा धाडसीपणा सुचवणारे सल्लागार पुष्कळ भेटतील, आणि त्यांचे ऐकू नका असे मी ठामपणे सांगते. लाल दिवा लागलेला असताना वाजलेली घंटा एखाद्या गायकाचा जमलेला टेक मोडते, आणि पुढे त्या जागी तुमचे नाव त्या घंटेसकट लक्षात राहते. याउलट वेळ ठरवून गेलात, पाच मिनिटे आधी पोहोचलात, फोन बंद ठेवलात आणि विचारल्याशिवाय कशालाही हात लावला नाहीत, तर पहिल्या भेटीतले निम्मे काम झालेच.

भेटीत ‘इथे कोण कोण गायला येते?’ हा प्रश्न मात्र कटाक्षाने टाळा. प्रकाशित न झालेले काम, कोण आले, किती टेक लागले, कोणाचा सूर दुरुस्त करावा लागला, हे सगळे स्टुडिओच्या भिंतींच्या आत राहायचे असते. तुमचे समाजमाध्यमांवरचे खातेही पाहिले जाते. पूर्वी कुठे गेला असताना कंट्रोल रूममधला फोटो लावला असेल आणि मागच्या स्क्रीनवर एखाद्या सेशनचे नाव वाचता येत असेल, तर अर्जात कितीही चांगले लिहिलेले असले तरी ते फुकट गेले. असा फोटो आजच काढून टाका.

उत्तर आले नाही तर दोन आठवड्यांनी त्याच मेलखाली दोन ओळींची आठवण करावी, आणि त्यानंतर काही महिने थांबावे. रोज ‘माझा मेल पाहिलात का’ विचारणारा सहाय्यक म्हणून नकोसाच वाटतो. शांततेला नकार मानून खचू नका, हेही तितक्याच कळकळीने सांगते. स्टुडिओतली जागा जाहिरात देऊन रिकामी होत नाही. कोणीतरी अचानक सोडून जातो, दुसऱ्या दिवशी सेशन असते, आणि मॅनेजर मेलबॉक्समध्ये ‘इंटर्न’ असा शोध घेतो. त्या शोधात सापडेल असा विषय द्या आणि नंबर मेलच्या मजकुरातच लिहा, कारण जोडलेली फाइल अशा घाईत कोणी उघडत नाही.

ओळखीने काम मिळते का? दार उघडते, एवढेच. पैसे घेऊन ‘स्टुडिओत लावून देतो’ म्हणणाऱ्या मार्गदर्शकांबद्दल माझे मत वाईट आहे आणि ते बदलण्याचे कारण अजून मिळालेले नाही. ही मंडळी जेफ एमरिक यांचे उदाहरण फार देतात: 1962 मध्ये ईएमआयच्या लंडनच्या स्टुडिओत सहायक म्हणून लागले आणि 1966 मध्ये बीटल्सचे मुख्य इंजिनिअर झाले. मधल्या चार वर्षांत त्यांनी सहायकाची कामे केली, लॅकर डिस्क (रेकॉर्ड छापण्याआधीच्या मूळ तबकड्या) कापल्या, मास्टरिंग, म्हणजे गाण्यांवरचा शेवटचा हात फिरवण्याचे काम, केले, हे सांगायचे मात्र विसरतात. तिथे तशी पायऱ्यांची पद्धतच होती.

मोबदल्याचा विषय पहिल्या पत्रात काढू नये, पण भेटीतून तो न विचारता उठूही नये. विद्यावेतन आहे का, मुदत किती, आठवड्याला किती तास, रात्री उशीर झाला तर घरी जाण्याची सोय कोणाची, आणि शिकवणार कोण, हे शांतपणे आणि ओळीने विचारा. संकोचाने हे न विचारणारी मुले सहा-सहा महिने फक्त निरोप पोहोचवत राहतात, आणि दोष पूर्णपणे समोरच्याचा असूनही वर्ष मात्र त्यांचेच जाते. चांगल्या स्टुडिओला हे प्रश्न उद्धट वाटत नाहीत; उलट अनेकदा तेच आधी सांगतात. ‘आधी ये, मग बघू’ एवढेच उत्तर मिळाले आणि मुदतीचा आकडा शेवटपर्यंत कोणी उच्चारला नाही, तर वेळ दिल्याबद्दल आभार मानून निघा, आणि त्याच मेलमधल्या तारखा व कामे बदलून पुढच्या स्टुडिओला लिहा.