बुटक्या बॉक्सरला मार बसतो तो घुसताना आणि निघताना

दरवर्षी कॉलेजं सुरू झाली की आमच्या क्लबात नवीन पोरं येतात आणि त्यातला एखादा तरी पाच-तीन, पाच-चारवाला असतोच, आणि तो पहिल्या आठवड्यातच हळूच येऊन विचारतो की माझी हाइट कमी पडते, वजन उतरवून खालच्या गटात जाऊ का. नको. खालच्या गटातही काटकुळी उंच पोरं असतातच, उलट तिथे तुम्ही उपाशी आणि समोरचा खाऊन-पिऊन आलेला. मी स्वतः पाच-चार, डिचोलीहून बस पकडून म्हापशाला प्रॅक्टिसला यायचो, 57 किलोत खेळलो आणि समोर बहुतेक वेळा माझ्यापेक्षा वीतभर उंच माणूस. आता नव्यांना पॅड पकडतो. त्यातून जे कळलं ते इथे लिहितोय. मी ऑर्थोडॉक्स आहे, म्हणजे डावा पाय पुढे, तेव्हा डावं-उजवं सगळं त्या हिशोबाने वाचा, साउथपॉ (उजवा पाय पुढे) असाल तर उलटं करून घ्या.

मुख्य गोष्ट ही की सगळ्यांना वाटतं जवळ गेलं की जास्त मार बसतो, पण तसं नसतं. उंच माणसाचा हात लांब असतो आणि लांब हाताला पूर्ण सुटायला जागा लागते, तुम्ही त्याच्या छातीला चिकटलात की त्याची कोपरं दुमडतात आणि पंचातला अर्धा जीव जातो. मार बसतो तो त्याच्या जॅबच्या (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) टोकापासून त्याच्या छातीपर्यंतच्या दोन पावलांत, आणि परत त्याच दोन पावलांत मागे येताना. बुटक्याचा डिफेन्स म्हणजे नव्वद टक्के ही दोन पावलं, बाकी हात वर ठेवा वगैरे तर पहिल्या दिवशी कोणीही सांगतो.

तर आधी घुसणं. पायांचा नियम सोपा आहे, ज्या बाजूला जायचं त्या बाजूचा पाय आधी, पुढे जाताना पुढचा, मागे जाताना मागचा, उजवीकडे जाताना उजवा, आणि दुसरा पाय तेवढंच अंतर ओढून घ्यायचा, जास्त नाही कमी नाही. नवी पोरं काय करतात, घुसायचं म्हटलं की मोठी ढांग टाकतात, पुढचा पाय पोचतो, मागचा तिथेच राहतो, अंग ताणलेलं आणि नेमकं तेव्हा समोरच्याचा उजवा येतो. छोटी पावलं टाका, फूटभराची सुद्धा नाहीत. आमचे सर तर अजून रिंगच्या बाहेरून ओरडतात, "अरे, पांय खंय तुजे?" (पाय कुठे तुझे?) आणि पोरगं बिचारं हात वर करतं!

जॅबच्या खाली वाकायचं ते गुडघ्यातून, कमरेतून नाही. हे वाक्य प्रत्येक कोच बोलतो पण कारण कमीजण सांगतात. कमरेतून वाकलात की नाक पुढच्या गुडघ्याच्या पुढे जातं, नजर खाली जाते आणि उंच माणसाचा सगळ्यात आवडता पंच म्हणजे अपरकट, तो तुमच्यासाठी खालून येतोच आहे. शिवाय अमॅच्युअरमध्ये पट्ट्याच्या खाली डोकं नेलंत की फाउल, रेफ्री आधी समज देतो, मग वॉर्निंग, आणि तीन राउंडच्या फाइटमध्ये एक वॉर्निंग म्हणजे जवळजवळ राउंड गेल्यासारखंच. आरशाकडे बाजू करून उभे राहून खाली बसा-उठा, नाक गुडघ्याच्या रेषेच्या मागे राहतंय का तेवढं बघा.

स्लिप, म्हणजे डोकं बाजूला नेऊन पंच चुकवणं, कुठल्या बाजूला? समोरचाही ऑर्थोडॉक्स असेल तर त्याचा जॅब तुमच्या उजव्या बाजूने येतो, त्यामुळे डोकं उजवीकडे नेलंत की तुम्ही त्याच्या हाताच्या बाहेर, त्याचा उजवा हात लांब पडला, सेफ. डावीकडे नेलंत तर तुम्ही त्याच्या दोन हातांच्या मधे, तिथून तुमचा डावा हुक (बाजूने वळवून मारायचा ठोसा) मस्त लोड होतो पण त्याचा उजवा सरळ तुमच्या तोंडासमोर असतो. नव्याने आधी उजवीकडचाच पक्का करावा, डावीकडचा नंतर, आणि तोही उजवा ग्लोव्ह हनुवटीला घट्ट चिकटवून. आणि स्लिप आणि पाऊल एकाच क्षणी पडलं पाहिजे, आधी डोकं हलवून मग पाऊल टाकलंत तर तुम्ही फक्त जॅब चुकवलात, जवळ गेलाच नाहीत, दुसरा जॅब तयार आहे.

रिकाम्या हाताने घुसू नका हेही आलंच. जॅब टाकत घुसा, पण तोंडावर नाही, छातीवर. उंच माणसाच्या तोंडावर जॅब मारायला तुम्हाला वर ताणावं लागतं आणि हनुवटी उघडी पडते. छातीवर ठोसा बसला की तो मागच्या टाचेवर जातो आणि टाचेवर गेलेल्या माणसाला जोरात मारता येत नाही.

आता आत टिकणं, आणि इथेच जरा वेळ घालवतो कारण याबद्दल फार कोणी बोलत नाही. आत गेल्यावर तुम्हाला पंच दिसत नाहीत. खरंच दिसत नाहीत, समोर फक्त त्याची बनियन, घामाने ओली. तिथे डोळ्यांनी नाही, कपाळाने बघायचं असतं. कपाळ त्याच्या खांद्याच्या किंवा गळ्याच्या हाडाच्या जवळ टेकवलेलं असलं की त्याचा खांदा हलला की तुम्हाला आधी कळतं. हुक मारायच्या आधी त्या बाजूचा खांदा किंचित मागे जातो, अपरकटच्या आधी खाली बुडतो. बहुतेकजण पंच सोडायच्या क्षणी श्वास नाकातून फस्सकन सोडतात, कान तिथेच असतो तुमचा, ऐकू येतं. पहिले काही महिने यातलं काहीच कळणार नाही, नुसता गोंधळ वाटेल, आणि मग एक दिवस स्पॅरिंगमध्ये (जोडीदाराबरोबरच्या सराव फाइटमध्ये) कोपर आपोआप खाली जाईल आणि त्याचा ठोसा कोपरावर आपटेल आणि तुम्हालाच नवल वाटेल.

डोकं मात्र मधोमध ठेवायचं नाही. मधली रेष अपरकटची. एका बाजूला ठेवा, आणि एकाच बाजूला सारखं पण नको, त्याच्या हाताखालून वाकून बाजू बदलत राहा. टेकवायचं म्हणजे ढकलायचं नाही, खुपसायचं तर अजिबात नाही, डोकं मारणं हा फाउल आहे आणि 2013 पासून सीनियर पुरुषांच्या गटातून हेडगार्ड काढलेत, भुवई फाटायला वेळ लागत नाही, त्याचीही आणि तुमचीही.

हात: ज्याची कोपरं आतल्या बाजूला त्याचा राज. तुमचे ग्लोव्ह त्याच्या दंडांच्या आत पाहिजेत, बाहेर राहिले तर तो तुम्हाला कवटाळून रेफ्रीची वाट बघत राहील आणि उंच माणसाला तेच हवं असतं, क्लिंच, ब्रेक, परत लांबून जॅब. उजवं कोपर बरगड्यांना चिकटलेलं असू दे, यकृत उजवीकडे असतं आणि तिथे बसलेला डावा हुक म्हणजे डोकं शुद्धीवर आणि पाय गेले. बॉडीवरचा पंच अडवायला हात खाली नेऊ नका, अंग थोडं वळवून कोपर खाली आणा, ग्लोव्ह कानशिलालाच राहिला पाहिजे. पाय लांबून खेळताना असतात त्यापेक्षा थोडे समोरासमोर, गुडघे मऊ.

तो मानेवर भार टाकेल. उंच माणसं टाकतातच, दुसऱ्या राउंडपर्यंत तुमच्या मांड्या संपवायचा प्लॅन असतो तो. ताकदीने वर उचलायला जाऊ नका, त्याचा भार पूर्ण येऊ द्या आणि अर्धं पाऊल बाजूला व्हा, तो स्वतःच पुढे झुकतो आणि तुम्ही त्याच्या बाजूला असता, समोर नाही.

बाहेर पडताना सरळ मागे जाऊ नका. "फाटीं वचूं नाका" हे आमच्याकडे पोरांच्या स्वप्नात पण येत असेल. सरळ मागे गेलात की तुम्ही त्याच्या हाताच्या पूर्ण लांबीवर जाता, म्हणजे इतकी मेहनत करून परत त्याच्याच दुकानात गिऱ्हाईक. सगळ्यात भरवशाचा रस्ता पिव्हट: डावा हुक मारा, डाव्या पायाचा चवडा जागेवरच ठेवून टाच उचला आणि उजवा पाय मागून डावीकडे फिरवा. तुम्ही आता त्याच्या उजव्या खांद्याच्या बाहेर, त्याला मारायचं तर आधी वळावं लागेल आणि तेवढ्यात तुमचा अजून एक ठोसा किंवा शांतपणे दोन पावलं बाहेर. दुसरा रस्ता, त्याने हुक मारला की त्याच्या खालून जाऊन पलीकडे निघा. हात दोन्ही वेळा वरच, बाहेर पडलो म्हणून सुटकेचा श्वास टाकत हात सोडणारी पोरं मी ढिगाने बघितलीत.

साउथपॉ समोर आला तर तुमचा डावा पाय त्याच्या उजव्या पायाच्या बाहेर ठेवायचा एवढं सुरुवातीला पुरे.

व्हिडिओ बघायचेच असतील तर नीट बघा. जो फ्रेझर सहा फुटांच्या आतला, मोहम्मद अली सहा-तीन, 8 मार्च 1971 ची फाइट सगळे पंधराव्या राउंडमधल्या अलीला खाली पाडणाऱ्या त्या डाव्या हुकसाठी बघतात, पण आधीचे चौदा राउंड फ्रेझर जॅबखालून कसा घुसतो ते बघा, आणि घुसताना किती खातो तेही बघा. माईक टायसन पाच-दहा, टिरेल बिग्ज सहा-पाच आणि 1984 चा ऑलिम्पिक गोल्ड मेडलिस्ट, ऑक्टोबर 1987 मध्ये सातव्या राउंडमध्ये संपवला. त्यात टायसनचे हात बघू नका, पाय बघा. टायसनची ती पीकाबू स्टाइल, दोन्ही ग्लोव्ह गालाला लावून डोकं सतत हलवायचं, ती पहिल्या वर्षी कॉपी करायला जाऊ नका हे माझं स्पष्ट मत, त्याला मानेची ताकद आणि टायमिंग लागतं आणि नसेल तर तुम्ही नुसते डुलत राहता आणि दमता. मुलींनी मेरी कोम बघावी. पाच फूट दोनच्या आसपासची बाई, तिचा नेहमीचा गट 48, पण 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये महिलांचा सगळ्यात खालचा गटच 51 चा होता म्हणून मोठ्या मुलींशी खेळली आणि ब्राँझ आणलं. ती आत चिकटून बसण्यापेक्षा आत-बाहेर जास्त करते, हाही एक मार्ग आहे आणि ज्याचे पाय हलके त्याने तोच धरावा.

आता प्रॅक्टिस. दोन खांबांना किंवा बाल्कांवच्या (घरापुढच्या पडवीच्या) कठड्याला तुमच्या खांद्याच्या उंचीवर दोरी बांधा आणि तिच्या खालून डावी-उजवी करत पुढे-मागे जा, प्रत्येक वेळी पाऊल टाकत, एका जागी उभं राहून नाही. दुसरं, जुना गाडीचा टायर: दोघांनी आपापला पुढचा पाय त्यात ठेवायचा आणि तीस-चाळीस टक्के जोराने फक्त बॉडी आणि खांद्यावर मारायचं, पाय बाहेर काढायचा नाही. कपाळाने बघायची सवय यातूनच लागते, बॅग मारून नाही, बॅगेला खांदा नसतो. मिरामारला वाळूत पळणं पोटऱ्यांना चांगलं पण पिव्हट वाळूत करू नका, पाय रुततो आणि गुडघा फिरतो. आणि पावसाळ्यात आपल्याकडे हवेतच एवढं पाणी असतं की हॉलची फरशी घामाने निसरडी होते, बुटांचे तळवे आधी ओल्या आणि मग कोरड्या फडक्याला पुसून घ्या, मॅटच्या कडेला सारखं फडकं असू दे. दुपारी भरपेट शीतकडी खाऊन पाचला प्रॅक्टिसला येणाऱ्यांनी रोलचा (हाताखालून वाकून बाजू बदलायचा) विचारच सोडावा.

मानेचा व्यायाम रोज, हळू, कोच सांगेल तसा. स्पॅरिंगमध्ये डोक्याला जोराचा बसला आणि नंतर डोकं दुखतंय, मळमळतंय, उजेड खुपतोय असं झालं तर त्या दिवसाचं सगळं बंद आणि डॉक्टर, तो हो म्हणेपर्यंत परत स्पॅरिंग नाही, क्लबातले सीनियर काय वाटेल ते बोलोत. जवळून खेळणारा कितीही हुशार असला तरी चार ठोसे जास्तच खातो.

पहिल्या स्पर्धेला जाताना एक लक्षात ठेवा, जजेस रिंगच्या चारही बाजूंना असतात आणि तुम्ही आत चिकटून मारलेले छोटे ठोसे अर्ध्या जजांना समोरच्याच्या पाठीमुळे दिसतच नाहीत. पूर्वी बटण दाबून पंच मोजायचे तेव्हा आमच्यासारख्यांचं फार नुकसान व्हायचं, आता राउंड जिंकणाऱ्याला दहा असे गुण देतात आणि राउंड कोण चालवतंय हेही बघतात, पण तरी ठोसा दिसला पाहिजे. त्यामुळे आत दोन-तीन बॉडीवर मारून झाले की पिव्हट करून बाजूला निघताना एक मोकळा, आवाज येईल असा पंच मारायचाच, आणि राउंडच्या शेवटच्या दहा सेकंदांची ठकठक ऐकू आली की तो नक्की मारा.