दुर्मीळ घरगुती प्रोजेक्टर कसा पारखावा आणि कसा चालू करावा

जुने घरगुती प्रोजेक्टर जमवणाऱ्यांमध्ये एडिसनचा ‘होम कायनेटोस्कोप’, फ्रान्सच्या पाथे कंपनीचा ‘कोक’ आणि ड्रेस्डेनच्या एर्नेमान कंपनीचा ‘किनो’ ही नावे दंतकथेतल्यासारखी घेतली जातात. यांपैकी एखाद्या नावाने यंत्र समोर आले की पाहणाऱ्याची नजर आधी नावाच्या पट्टीवर जाते आणि फसगत बहुधा तिथेच होते, कारण पट्टी दोन-चार स्क्रूंवर बसलेली असते आणि एका यंत्रावरून काढून दुसऱ्यावर सहज लावता येते. फिल्म ज्या खाचेतून सरकते ती खाच आणि फिल्म ओढणारे दात बदलणे मात्र फार अवघड असते. म्हणून यंत्र पाहायला जाताना व्हर्निअर कॅलिपर, टॉर्च आणि हातातले भिंग बरोबर न्यावे.

प्रथम लेन्सच्या मागची फिल्मची खाच मोजावी. ती फिल्मपेक्षा किंचितच रुंद असते, त्यामुळे फिल्म हाती नसली तरी तिची रुंदी कळते. माप २८ मिलिमीटरच्या आसपास आले तर १९१२ च्या पाथे कोकची, तर २२ आले तर त्याच वर्षीच्या एडिसनच्या यंत्राची शक्यता असते. साडेनऊ मिलिमीटर हे १९२२ च्या पाथे बेबीचे माप आहे, तर १६ मिलिमीटरची फिल्म कोडॅकने १९२३ मध्ये आणली. आठ मिलिमीटर (१९३२) आणि सुपर आठ (१९६५) यांची रुंदी एकच असली तरी फिल्म ओढण्यासाठी पाडलेली छिद्रे सुपर आठमध्ये लहान असतात, म्हणून तिथे त्या छिद्रांत अडकून फिल्म ओढणारा पंजा तपासावा.

नुसत्या रुंदीवर विसंबू नये, याचे सर्वांत चांगले उदाहरण साडेसतरा मिलिमीटरचे आहे. बर्ट एकर्सचा ‘बर्टॅक’ (१८९८), एर्नेमानचा किनो (१९०३) आणि १९२० च्या दशकातला पाथे ‘रूराल’ या तिघांच्या फिल्मची रुंदी एकच, पण बर्टॅकची छिद्रे एका कडेला, किनोचे छिद्र मधोमध आणि रूरालची दोन्ही कडांना असतात. साहजिकच यंत्राचे दातही त्याच जागी असायला हवेत. किनो म्हणून दाखवलेल्या यंत्रात दात कडेला दिसले, तर पट्टीवर काहीही लिहिलेले असो, ते यंत्र किनो नव्हे.

कोकची ओळख याहून सोपी आहे. युरोपातल्या २८ मिलिमीटर फिल्मवर प्रत्येक चित्रामागे एका कडेला तीन आणि दुसऱ्या कडेला एकच छिद्र असे. घरात चित्रपटगृहांतली ज्वलनशील नायट्रेट फिल्म शिरू नये म्हणून ही वेगळी रुंदी मुद्दाम ठरवली गेली होती. ज्या घरांत वीज पोहोचली नव्हती त्यांच्यासाठी, हँडल फिरवताच दिव्यालाही वीज मिळावी असा डायनॅमो कोकमध्ये बसवलेला असे. तो काढून टाकलेला असेल तर यंत्राचे अर्धे वैशिष्ट्य गेले असे मी मानतो आणि किंमत ठरवताना तसे स्पष्ट सांगतो. एडिसनच्या फिल्मवर चित्रांच्या तीन रांगा शेजारी शेजारी असत. पहिली रांग सरळ, दुसरी उलट आणि तिसरी पुन्हा सरळ फिरवून पाहायची. एका रांगेवरून दुसरीवर जाण्याची सोय यंत्रात दिसली नाही, तर एडिसनचे नाव सोडून द्यावे.

ओळख पटल्यावर हँडल लगेच फिरवू नये. अनेक दशके पडून राहिलेले ग्रीस मेणासारखे घट्ट होते आणि जोर लावला तर पंजा वाकतो. आधी जुने ग्रीस काढावे, मग प्रत्येक धुरीवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडून एक रात्र थांबावे आणि नंतर हलक्या हाताने फिरवावे. फिल्मच्या खाचेत तेल अजिबात जाऊ देऊ नये. तिथला चिकटलेला थर बांबूच्या काडीने सोडवावा. सुरी किंवा पॉलिश पेपर लावला तर पडलेला ओरखडा पुढे प्रत्येक फिल्मवर उमटत राहतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळे काढलेल्या यंत्राच्या लेन्सवर बुरशीचे जाळे आहे का, हे टॉर्च तिरपा धरून पाहावे.

पाथे बेबीच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. छिद्र दोन चित्रांच्या मधोमध असल्यामुळे पंजा झिजलेला किंवा सरकलेला असेल तर ओरखडा थेट चित्राच्या मध्यभागी पडतो. शिवाय फिल्म वाचवण्यासाठी शीर्षकाची मोजकीच चित्रे छापून कडेला एक खाच पाडलेली असे. ती खाच आली की हँडल फिरत असतानाही फिल्म काही क्षण थांबे. ही युक्ती मूळच्या मंद दिव्यावर बेतलेली होती. नंतर कोणी प्रखर दिवा बसवला असेल, तर थांबलेले चित्र त्या उष्णतेने करपू शकते, म्हणून तो दिवा आधी काढावा.

विजेवर चालणारे जुने परदेशी यंत्र भारतातल्या २३० व्होल्टच्या प्लगला थेट कधीही जोडू नये. त्यातली कित्येक यंत्रे ११० व्होल्टची असतात, त्यामुळे पट्टीवरचा आकडा वाचून व्होल्टेज कमी करणारा, योग्य क्षमतेचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर वापरावा. कापडी वेष्टनाची वायर जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्यावी. दिव्याजवळच्या जुन्या वेष्टनात फुप्फुसांना घातक असा ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ते खरवडू नये.

यंत्राबरोबर आलेली फिल्म चाचणीसाठी वापरण्याचा मोह आवरावा. सुरुवातीची साडेसतरा मिलिमीटर फिल्म ३५ मिलिमीटरची नायट्रेट फिल्म उभी कापून केलेली असे आणि नायट्रेट पेटले तर पाण्याखालीही जळत राहते. ती प्रोजेक्टरवर चढवू नये, थंड जागी वेगळी ठेवून चित्रपट जतन करणाऱ्या संस्थेचा सल्ला घ्यावा. ॲसिटेट फिल्मच्या, म्हणजे सहज न पेटणाऱ्या ‘सेफ्टी’ फिल्मच्या, डब्यातून शिरक्याचा वास आला, तर ती इतर फिल्मपासून लगेच दूर करावी. चाचणीसाठी त्याच मापाचा, कमी मोलाचा एक तुकडा मिळवावा, दिवा न लावता तो दोनदा हाताने पूर्ण फिरवावा आणि भिंगाखाली त्याच्या छिद्रांच्या कडा पाहाव्यात. त्या फाटलेल्या नसतील तरच दिवा लावावा.