हीट पंपाच्या खर्चाचा अंदाज : खान्देशातील घरमालकांनी या चुका टाळाव्यात

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे नव्या घराचे प्लंबिंग काढायची वेळ आली की गिझर, सोलर की हीट पंप हा प्रश्न हल्ली निघतोच, आणि पुष्कळदा त्याचे उत्तर विक्रेत्याच्या एकपानी कोटेशनवरच ठरून जाते. येथे हीट पंप म्हणजे अंघोळीचे पाणी तापवणारे यंत्र. फ्रिज आतली उष्णता काढून बाहेर टाकतो, तसे हे यंत्र हवेतली उष्णता ओढून टाकीतल्या पाण्याला देते, त्यामुळे एका युनिट विजेत साधारण तीन युनिटांइतकी उष्णता मिळते. हे तत्त्व खरे आहे आणि यंत्रही चांगले आहे. अंदाज चुकतो तो यंत्राच्या किमतीत नव्हे, तर यंत्राभोवतीच्या कामात आणि वर्षातून ते किती दिवस लागणार या हिशेबात.

सुरुवातीलाच एक गोष्ट बाजूला काढलेली बरी. इंटरनेटवर हीट पंपाचा खर्च शोधला की जे आकडे समोर येतात ते बहुधा थंड देशांतले असतात आणि संपूर्ण घर उबदार ठेवणाऱ्या यंत्रणेचे असतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा यंत्रणेला सरकार ७,५०० पौंडांचे अनुदान देते, कारण तिथे घरातला बॉयलर काढून सगळी व्यवस्थाच बदलावी लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे नेणाऱ्या भुसावळला त्या आकड्यांचा काडीचा उपयोग नाही.

वर्षाचे ३६५ दिवस धरणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबू. विक्रेत्याचा बचतीचा तक्ता जवळजवळ नेहमी ३६५ दिवसांचा असतो. पण खान्देशात मार्चच्या मध्यापासून जूनपर्यंत गच्चीवरच्या टाकीचे पाणी आपोआप तापलेले असते. मे महिन्याच्या दुपारी तर नळ सोडल्यावर पहिले पाणी हाताला सोसत नाही आणि अंघोळीसाठी गार पाणी कुठून आणावे हाच प्रश्न असतो. गरम पाण्याची खरी गरज नोव्हेंबर ते फेब्रुवारी अशी चार महिने असते, आणि जुलै ते ऑक्टोबर ती निम्मी धरली तरी पुष्कळ झाले. म्हणजे पूर्ण वापराचे दिवस साधारण १८० होतात. ज्यांच्या घरी लहान बाळ किंवा वृद्ध माणसे आहेत त्यांनी आपल्यापुरता हा आकडा वाढवावा, पण तो ३६५ नक्कीच नसेल.

आता पाण्याचा हिशेब घेऊ. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते आणि एका युनिट विजेत ८६० किलोकॅलरी असतात. एवढे दोन आकडे लक्षात ठेवले की कुणाचाही तक्ता घरच्या घरी तपासता येतो. पाच माणसांचे घर बादलीने अंघोळ करत असेल तर माणशी २५ लिटर धरून १२५ लिटर पाणी लागते. हिवाळ्यात ते २० अंशांवरून ४० अंशांवर न्यायला २,५०० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे २.९ युनिट लागतील. टाकीतून वाया जाणारी उष्णता धरून गिझर सव्वातीन युनिट खाईल, हीट पंप सव्वा युनिट खाईल आणि रोजची बचत दोन युनिट होईल. सर्व आकार धरून युनिटला १२ रुपये पडतात असे समजले, तर १८० दिवसांत बचत होते ४,३२० रुपये. फिटिंगसह हीट पंप गिझरपेक्षा ८५,००० रुपयांनी महाग पडला असे समजल्यास ते पैसे वसूल व्हायला सुमारे वीस वर्षे लागतील. तेवढी वर्षे यंत्र टिकेल या भरवशावर कुणी राहू नये.

त्याच घरात सगळे शॉवर घेत असतील तर माणशी ७० लिटर, एकूण ३५० लिटर पाणी आणि सव्वाआठ युनिटांच्या आसपास उष्णता लागते. मग रोजची बचत पावणेसहा युनिटांच्या घरात जाते, वर्षाला साधारण १२,४०० रुपये वाचतात आणि सात वर्षांत पैसे सुटतात. यंत्र तेच, गाव तेच, माणसेही तेवढीच. फरक बादली आणि शॉवर यांचा. म्हणून कोटेशन मागवण्याआधी घरातल्या प्रत्येकाची अंघोळ कशी होते हे विचारावे. हे विचारणारा विक्रेता मला तरी क्वचितच आढळला आहे.

टाकी मोठी घेणे

वरच्या हिशेबातले पाणी ४० अंशांचे आहे, टाकीतले मात्र ५५ अंशांचे असते. त्यात २० अंशांचे गार पाणी मिसळले की टाकीतले ५७ लिटर पाणी १०० लिटर अंघोळीचे काम करते. बादलीच्या घराला त्यामुळे टाकीतले सत्तर-पंचाहत्तर लिटर पुरतात आणि शॉवरच्या घराला दोनशे. तरीही ‘पाच माणसे म्हणजे तीनशे लिटर’ असा ठोकताळा सर्रास लावला जातो. मोठी टाकी नुसती महाग नसते, तर ती रात्रंदिवस उष्णता गमावत राहते आणि तिचे वजनही छतावर येते. उलट लहान यंत्र घेतले म्हणून किंमत त्याच प्रमाणात उतरत नाही, कारण कॉम्प्रेसर, पंखा आणि नियंत्रणाचा भाग सगळ्यांत असतोच. हेही अंदाजात धरावे.

युनिटचा दर चुकीचा धरणे

महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्पे असतात. वाचलेले युनिट नेहमी सर्वांत वरच्या टप्प्यातून कमी होतात, म्हणून बिलाची रक्कम भागिले युनिट असा सरासरी दर काढणे चूक आहे, हे अनेकांना ठाऊक असते. मात्र यातली खान्देशी गोम बहुतेकांच्या नजरेतून सुटते. आपल्याकडे वरचे महाग टप्पे लागतात ते एप्रिल-मे महिन्यांत, कूलर आणि एसी अहोरात्र चालतात तेव्हा, आणि नेमका त्या काळात गिझर बंद असतो. हिवाळ्यात पंखेसुद्धा थांबलेले असतात, एकूण वापर घटलेला असतो आणि वाचणारा युनिट खालच्या टप्प्यातला असतो. उन्हाळ्याचे बिल हाती धरून हिवाळ्याची बचत मोजली तर ती फुगणारच. डिसेंबर आणि जानेवारीची जुनी बिले काढावीत, वहन आकार, इंधन समायोजन आणि १६ टक्के वीज शुल्क धरून त्या महिन्यांच्या शेवटच्या टप्प्याचा दर काढावा आणि तोच वापरावा. हिवाळ्यात ज्यांचा वापर शंभर युनिटांच्या आत राहतो, त्यांच्यासाठी आधीच्या हिशेबातला १२ रुपयांचा दर जवळपास निम्म्यावर येतो.

खेड्यातल्या घरांत आणखी एक बाब तपासावी. ज्या घरी आजही तांब्याचा बंब पेटतो आणि त्यात शेतातल्या कपाशीच्या पऱ्हाट्या किंवा तुरीच्या काड्या जातात, तिथे पाणी तापवण्याचा रोख खर्च आज शून्य आहे. धूर आणि कष्ट वाचावेत म्हणून यंत्र घ्यायचे असेल तर ते कारण उत्तम आहे, पण मग त्याला सोय म्हणावे, बचत म्हणू नये.

कोटेशनमधल्या शेवटच्या ओळीकडे दुर्लक्ष

कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘सिव्हिल, प्लंबिंग व इलेक्ट्रिकल काम प्रत्यक्षानुसार वेगळे’ अशी ओळ असते. खर्चाची खरी वाढ तिच्यातूनच होते.

छताचेच पाहा. दोनशे लिटरची टाकी भरल्यावर यंत्रासह तीनशे किलोच्या घरात जाते आणि हे सगळे वजन हातभर जागेवर येते. सिमेंटच्या स्लॅबवर भिंतीच्या किंवा बीमच्या रेषेत चौथरा बांधला तर अडचण नसते. पण खान्देशातल्या जुन्या धाब्याच्या घरावर, जिथे लाकडी सऱ्यांवर मातीचा थर आहे, किंवा पत्र्याच्या छपरावर ते ठेवताच येत नाही. तिथे जमिनीवर चौथरा किंवा अँगलचा स्वतंत्र सांगाडा लागतो आणि त्याचे पैसे कोटेशनमध्ये नसतात.

नळीचे काम त्याहून फसवे. गरम पाण्याला साधी पीव्हीसी चालत नाही, सीपीव्हीसी लागते आणि तिच्यावर उष्णतारोधक आवरण लागते. पाऊण इंची नळीत मीटरला साधारण पाव लिटर पाणी मावते. टाकी गच्चीच्या एका टोकाला आणि न्हाणीघर दुसऱ्या टोकाला खाली असेल, तर पंधरा मीटरच्या नळीतले पावणेचार लिटर गार झालेले पाणी प्रत्येक वेळी आधी सोडावे लागते. एवढे पाणी नंतर नळीत पडून गारही होते, म्हणजे वीजही गेली. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तिथे हे नुकसान नुसते पैशांत मोजू नये. जुन्या घरात भिंत फोडून नळी न्यायची झाल्यास टाइल्सचा खर्च वेगळा.

विजेच्या बाजूला स्वतंत्र वायर, एमसीबी, वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच आणि चांगले अर्थिंग हवे. हीट पंपाचा कॉम्प्रेसर फार वीज घेत नाही, परंतु बहुतेक यंत्रांत गिझरसारखी थेट विजेवर तापणारी दीड-दोन किलोवॉटची मदतनीस कॉइलही असते आणि दोन्ही एकदम चालली तर जुन्या वायरिंगला ती झेपत नाही. त्यामुळे बिलावरचा मंजूर भार आधी पाहावा. खेड्यात संध्याकाळी व्होल्टेज पडते, त्याने कॉम्प्रेसर जळू शकतो. तिथे स्टॅबिलायझर हा ऐच्छिक खर्च नाही.

पाणी न तपासणे

बोअरचे पाणी जड असले की टाकीत आणि कॉइलवर पांढरा थर बसतो, पाणी तापायला वेळ लागू लागतो आणि बिल वाढते. विक्रेता टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवतो, पण टीडीएस म्हणजे विरघळलेले सगळे क्षार. थर बसवणारा कॅल्शियम-मॅग्नेशियमचा जडपणा वेगळा तपासावा लागतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत बोअरचा नमुना देऊन आकडा मिळवावा आणि तो वॉरंटीच्या अटींशी ताडून पाहावा, कारण ठरावीक मर्यादेपलीकडच्या पाण्याला वॉरंटी नाही असे त्यात अनेकदा लिहिलेले असते. पाण्याचा जडपणा काढणारा सॉफ्टनर लागणार असेल तर त्याची किंमत आणि त्यात दरवेळी घालावे लागणारे मीठ, दोन्ही मूळ अंदाजात यायला हवेत. टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारी आतली अॅनोड कांडीही वर्षाकाठी तपासावी व झिजली की बदलावी लागते.

अनुदानाची गल्लत

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३०,०००, २ किलोवॉटला ६०,००० आणि ३ किलोवॉट व त्यापुढे ७८,००० रुपये मिळतात, पण ते छतावरच्या सौर वीज संचासाठी. हा सौर वीज संच आणि हीट पंप यांचे एकत्र कोटेशन देऊन खाली एकच वजावट दाखवली की हीट पंप स्वस्त भासतो. दोन्हींच्या किमती वेगळ्या लिहून घ्याव्यात. शिवाय ज्यांच्या छतावर आधीच सौर संच आहे आणि वर्षअखेर युनिट शिल्लक राहतात, त्यांनी वाचवलेला युनिट महाग टप्प्याच्या दराने मोजू नये. ती शिल्लक बऱ्याच कमी दराने जमा होते.

बसवल्यावर बिल उतरत नसेल तर

पहिला संशय मोडवर घ्यावा. बसवणारा माणूस पाणी लवकर तापून गिऱ्हाईक खूश व्हावे म्हणून यंत्र ‘हायब्रिड’वर ठेवून जातो, मग मदतनीस कॉइल रोज चालते आणि आपण महागडा गिझर वापरत राहतो. मोड फक्त हीट पंपाचा ठेवावा, तापमान ६५ ऐवजी ५० ते ५५ करावे आणि टायमर दुपारी बारा ते चारचा लावावा. खान्देशात जानेवारीची पहाट दहा अंशांच्या खाली उतरते, सातपुड्यात तोरणमाळ, डाबकडे काही पहाटे दवही गोठते. अशा हवेतून उष्णता ओढायला यंत्राला जास्त वीज लागते. त्याच दिवशी दुपारी हवा अठ्ठावीस-तीस अंशांवर असते. दुपारी तापवलेले पाणी चांगल्या टाकीत दुसऱ्या सकाळपर्यंत टिकते.

दुसरा संशय जागेवर. यंत्र जिन्याखाली किंवा बंद खोलीत कोंबले असेल तर ते स्वतःच सोडलेली गार हवा पुन्हा ओढते आणि त्याची क्षमता घटते. याउलट गच्चीवर उघड्या उन्हात ठेवले तर मे महिन्यात वेगळीच पंचाईत होते, कारण अनेक यंत्रांच्या माहितीपत्रकात हवेच्या तापमानाची वरची मर्यादा ४३ अंशांच्या आसपास दिलेली असते. वर पत्र्याची सावली आणि चारही बाजूंनी वारा, एवढे पुरते. पावसाळ्यापूर्वीच्या वावटळींत जाळीवर धूळ बसते, ती धुवावी. जिनिंगजवळच्या वस्तीत कापसाचे तंतूही अडकतात.

यंत्राखाली पाणी ठिबकताना दिसले की लोक टाकी फुटली म्हणून धावपळ करतात. दमट हवेत यंत्राच्या हवेतली उष्णता ओढणाऱ्या गार कॉइलवर दव साचून ते पाणी गळतेच, त्यासाठी वेगळी निचरा नळी हवी. पाणी थंडगार आणि बेचव असेल तर ते दव समजावे. कोमट असेल आणि सुकल्यावर पांढरा डाग राहत असेल तर जोड किंवा सुरक्षा व्हॉल्व्ह तपासायला प्लंबर बोलवावा.

एवढे करूनही शंका राहिली तर यंत्राच्या लाइनवर छोटा सबमीटर बसवून आठवडाभर रोजचे युनिट आणि वापरलेल्या बादल्या लिहून काढाव्यात. १२५ लिटरच्या वापराला हिवाळ्यात रोज सव्वा ते दीड युनिट येत असतील तर यंत्र ठीक आहे. तीनच्या वर जात असतील तर मदतनीस कॉइल चालू आहे किंवा कुठेतरी गरम पाणी गळते आहे, आणि तो कागद दाखवूनच सर्व्हिसवाल्याला बोलवावे.