बीजगणिताची चाचणी घेताय? या चुका टाळा

(क्ष² − 9) ÷ (क्ष − 3) याला सोपं रूप द्या. पहिल्या वर्षाच्या चाचणीत हा प्रश्न मी कित्येकदा दिला आणि ‘क्ष + 3’ दिसलं की बिनदिक्कत पूर्ण गुणही दिले. एकदा सहज एका मुलीचं कच्चं काम पाहिलं. क्ष² भागिले क्ष म्हणजे क्ष, 9 भागिले 3 म्हणजे 3, आणि वजा-वजा अधिक! अवयव पाडण्याचा पत्ताच नव्हता. पद्धत साफ चुकीची, उत्तर मात्र तंतोतंत बरोबर.

याच प्रश्नाशेजारी (क्ष² + 9) ÷ (क्ष + 3) ठेवून बघा. ज्याला अवयव कळलेत तो थांबेल आणि म्हणेल, याचं काही होत नाही. दुसरा इथेही ‘क्ष + 3’ लिहून मोकळा होईल. क्ष = 1 घालायला सांगा: डावीकडे 10 भागिले 4, म्हणजे 2.5 आणि उजवीकडे 4. 16/64 मधले दोन्ही 6 खोडले तरी 1/4 च उरतो, तसलाच हा प्रकार. प्रश्नातले आकडे निवडताना चुकीच्या वाटेनेही बरोबर उत्तर निघत नाही ना, हे आधी स्वतः तपासा. चाचणी काढणाऱ्यांच्या हातून सर्वांत जास्त राहून जातं ते हेच.

बहुपर्यायी प्रश्नांत हा धोका वाढतो. चार पर्यायांचे वीस प्रश्न डोळे मिटून सोडवले तरी सरासरी पाच बरोबर येतात. शिवाय समीकरण दिलं की मुलं ते सोडवत बसत नाहीत, पर्याय एकेक करून घालून बघतात. त्यात गैर काही नाही, हुशारीच आहे. पण आपल्याला मोजायचं होतं ते मोजलं गेलं नाही. क्ष² = 5क्ष हे पर्यायांविना द्या. दोन्ही बाजूंना क्ष ने भागून नुसतं 5 लिहिणारे लगेच सापडतात. 0 ही उकल त्यांनी भागाकारात गमावलेली असते. त्यावर ‘निष्काळजीपणा’ असा शेरा मारू नका. शून्याने भागायचं नाही हा नियम त्यांना पाठ असतो, फक्त क्ष शून्य असू शकतो हे सुचत नाही.

पर्याय द्यायचेच असतील तर ते मुलांच्या खऱ्या चुकांतून घ्या. (क्ष + 5)² साठी क्ष² + 25 हवंच. −3² साठी −9 सोबत 9 आणि −6 ठेवा. वाटेल ते आकडे भरलेत, तर चुकीचं उत्तर मिळूनही हाती काही लागत नाही.

शाब्दिक उदाहरणांचा घोळ वेगळा. ‘विद्यार्थी प्राध्यापकांच्या सहापट आहेत, समीकरण मांडा.’ वि आणि प्रा या संख्या धरल्या तर वि = 6प्रा. पण 6वि = प्रा लिहिणारे भरपूर. सुमारे 1980 मध्ये अमेरिकेतल्या अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना हाच प्रश्न विचारला, तेव्हा 37 टक्के चुकले होते. त्यांना समीकरण सोडवता येत नव्हतं असं नाही. अनेकांना ‘वि’ हे अक्षर संख्या न वाटता विद्यार्थ्यांचं लघुरूप वाटतं. ‘10 प्राध्यापक असतील तर विद्यार्थी किती?’ असं पुढे जोडा. 60 म्हणणारा मुलगा स्वतःच्या समीकरणात ते घालून बघेल आणि दचकेल.

एका प्रश्नात चार कौशल्यं कोंबणं हीसुद्धा नेहमीची चूक. (2/3)क्ष − 5/6 = 1/4 चुकलं, तर नेमकं काय चुकलं? अपूर्णांकांची बेरीज की पद पलीकडे नेणं? शंका आली की 5/6 + 1/4 आणि 2क्ष − 5 = 1 असे दोन सुटे प्रश्न द्या. दोन्ही जमले तर अडचण एकत्र करण्यात आहे.

उपप्रश्न एकमेकांवर अवलंबून असतील, तर (अ) मधल्या चुकीचे गुण (ब) आणि (क) मध्ये पुन्हा कापू नका. कॅल्क्युलेटर द्यायचा की नाही ते आधी ठरवा. अंदाज बघायचा असेल तर नको. 0.49 × 61 साधारण 30 यावं, हे त्याच्याशिवाय कळायला हवं. शेकडेवारीसाठी एक प्रश्न पुरतो: 100 मध्ये 20 टक्के वाढ, मग 20 टक्के घट. 96 ऐवजी ‘100 च’ म्हणणारे किती, ते मोजा.

आणि बेरीज करून थांबू नका. दोघांना वीसपैकी 12 आहेत. एकाचे आठही गुण अपूर्णांक आणि चिन्हांत गेले, दुसऱ्याचे सगळे शाब्दिक उदाहरणांत. दोघांना एकाच उजळणी वर्गात बसवलंत तर एक जण नक्की कंटाळणार. उत्तरपत्रिकेवर गुणांच्या शेजारी प्रकारवार खुणा करा, दहा मिनिटं जास्त लागतात.

सगळा वर्गच एखाद्या प्रश्नावर आडवा झाला, तर आधी प्रश्न पुन्हा वाचा. माझ्या एका प्रश्नात कंसच छापायचा राहिला होता, आणि मी दोन दिवस मुलांना बोल लावत होतो.