उपग्रह चित्रातून पुण्याचे रस्ते कसे काढावेत

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, पण एक पिक्सेल १० मीटरचा. त्यात द्रुतगती मार्ग उठून दिसतो. कसबा पेठेतली चार मीटरची गल्ली दिसणारच नाही. शहरासाठी अर्ध्या मीटरचं, निअर इन्फ्रारेड बँड (डोळ्यांना न दिसणाऱ्या, तांबड्यापलीकडच्या प्रकाशाची नोंद) असलेलं चित्र घ्या, शक्यतो मार्चमधलं. डिसेंबरात सावल्या लांब पडतात, पावसाळ्यात ढग असतात.

१. क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चित्र यूटीएम झोन ४३ उत्तर या मीटरवर आधारलेल्या नकाशा-पद्धतीत आणा, म्हणजे मापं मीटरमध्ये निघतील.

२. जे रस्ता नाही ते आधी झाका. एनडीव्हीआय (हिरवळ मोजणारा निर्देशांक) ०.३च्या वर असेल ती झाडी. पाणी डांबरासारखंच काळं दिसतं, म्हणून एनडीडब्ल्यूआय (पाणी ओळखणारा निर्देशांक) काढून मुठाही वगळा. नदीवर जलपर्णी माजली असेल तर ती झाडीबरोबरच जाते.

३. चित्र ८ बिटचं करून ९×९ मीडियन फिल्टर लावा; तो प्रत्येक पिक्सेलला शेजाऱ्यांची मधली किंमत देतो, म्हणजे रस्त्यावरच्या गाड्या पुसल्या जातात. चारचाकी साधारण ४ पिक्सेल रुंद असते. ५×५ला ती पुरून उरते. ८ बिट न करता ५च्या वरचा फिल्टर ओपनसीव्ही ही चित्रप्रक्रियेची लायब्ररी चालवतच नाही.

४. आता थ्रेशोल्ड, म्हणजे कुठल्या उजळपणाचा पिक्सेल रस्ता धरायचा याची सीमा. ओत्सू पद्धत एकच किंमत देते, पण डांबरी रस्ता काळपट आणि काँक्रीटचा उजळ, त्यामुळे एक प्रकार हमखास सुटतो. दोन्हींचे दहा-दहा नमुने टिपा, उजळपणाच्या दोन वेगळ्या पट्ट्या ठरवा आणि निघालेले मास्क (रस्ता पांढरा, बाकी काळं अशी चित्रं) एकत्र करा.

५. पत्र्याची छपरं आणि पार्किंग रंगावरून वेगळी होत नाहीत. रुंदीवरून बरीचशी होतात. डिस्टन्स ट्रान्सफॉर्म चालवा; तो प्रत्येक पिक्सेलचं जवळच्या कडेपासूनचं अंतर पिक्सेलमध्ये देतो. अर्ध्या मीटरच्या चित्रात मध्यरेषेवर येणारा आकडा म्हणजे जवळपास मीटरमधली रुंदीच. ४०च्या वरचा भाग काढून टाका. यात एखादा मोठा चौकही जातो, तो हाताने जोडा. लांबी-रुंदीच्या गुणोत्तरावर विसंबू नका: रस्ते एकमेकांना जोडलेले असल्याने अख्खं जाळं एकच तुकडा धरलं जातं. सुटे, ५०० चौरस मीटरपेक्षा लहान तुकडे मात्र खुशाल पुसा.

६. ९ पिक्सेलच्या गोलाने क्लोजिंग करा, म्हणजे लहान फटी बुजवा. गोल मोठा घेतलात तर पेठेतल्या गल्ल्या शेजारच्या छपरांना चिकटतात. मग स्केलेटन (रस्त्याची एक पिक्सेल जाडीची मध्यरेषा) काढून १५ मीटरपेक्षा आखूड फाटे छाटा.

७. जंगली महाराज रस्त्यावर झाडं आणि कर्वे रस्त्यावर मेट्रोचा पूल रेषा तोडतात. तिथे रस्ता चित्रात दिसतच नाही, कुठलाही फिल्टर तो परत आणणार नाही. दोन टोकांत ३० मीटरपेक्षा कमी अंतर आणि दिशेत २० अंशांपेक्षा कमी फरक असेल तरच ती जोडा.

शेवटी ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशातल्या रस्त्यांच्या रेषांभोवती ५ मीटरचा बफर (पट्टा) घेऊन तपासा: किती रस्ते सुटले आणि किती खोटे निघाले, दोन्ही वेगवेगळं. पेठा आणि हिंजवडी यांचे आकडेही वेगळे ठेवा. एकत्र सरासरीत पेठांची दैना झाकली जाते.