हलके डायव्हिंग फिन्स घेताय? या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईहून डायव्हिंगला निघायचं तर बहुतेकांसाठी दोनच वाटा. ठाण्याला किंवा पनवेलला गाडीत बसायचं, कुडाळला उतरायचं आणि पुढे मालवण-तारकर्ली. नाहीतर विमानाने अंदमान. कोकणकन्येत फिन्सचं, म्हणजे पायात घालायच्या पोहण्याच्या पंखांचं, वजन कोणी विचारत नाही. देशांतर्गत विमानात मात्र साध्या तिकिटावर सहसा १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातातलं, एवढ्यातच बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळणारं जॅकेट), रेग्युलेटर (सिलिंडरमधून श्वास घ्यायचं साधन), वेटसूट (पाण्यात ऊब देणारा पोशाख) सगळं बसवायचं असतं. मग पहिली कात्री लागते फिन्सना. त्यात गैर काही नाही. हौशी, साध्या रिक्रिएशनल डाइव्हसाठी नीट निवडलेली दीड किलोची जोडी पुरेसा जोर देते. निवड चुकली तर मात्र वाचवलेल्या किलोभर वजनाची किंमत पाण्याखाली मोजावी लागते: हवा लवकर संपते आणि पोटरीत गोळे येतात.

फक्त काट्यावरचं वजन पाहणं

फिन्सना दोन वजनं असतात, एक बॅगेतलं आणि एक पाण्यातलं. दुकानदार आणि वेबसाइट सांगतात ते पहिलं. डाइव्हमध्ये कामाला येतं दुसरं.

गोड्या पाण्याची घनता १ धरली तर समुद्राच्या पाण्याची साधारण १.०२५ असते. फिन्सचं भरीव रबर त्याहून जड, म्हणून जेट फिन पद्धतीचे रबरी फिन्स बुडतात आणि पायांना खाली ओढतात. पॉलिप्रॉपिलिन या प्लॅस्टिकची घनता ०.९ च्या आसपास, म्हणून त्याचं ब्लेड, म्हणजे फिनचं रुंद पातं, तरंगतं. काट्यावर सारख्याच भरणाऱ्या दोन जोड्यांपैकी एक तुमचे पाय वर उचलते, दुसरी खाली नेते. तरंगणाऱ्या फिन्सबरोबर ५ मिमीचे निओप्रीनचे (फोमसारख्या रबराचे) बूट आले की पाय आणखी वर जातात.

आता सिलिंडरचा हिशेब धरा. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या ११ लिटरच्या अॅल्युमिनियम सिलिंडरमध्ये पूर्ण भरल्यावर अडीच किलोहून जास्त नुसती हवा असते. हवेचा दाब दाखवणारं गेज ५० बारवर येईपर्यंत तिच्यातली जवळजवळ दोन किलो संपलेली असते आणि सिलिंडरचं बूड वर उठायला लागतं. नेमकं तेव्हाच, वर येण्याआधी, सुरक्षेसाठी ५ मीटर खोलीवर तीन मिनिटं स्थिर थांबायचं असतं. तरंगते फिन्स घातलेल्या डायव्हरचे पाय इथेच वर जातात, डोकं खाली येतं आणि सगळी हवा पाय दाबून ठेवण्यात खर्च होते.

हे घरीच तपासता येतं. फिन पूर्ण बुडेल एवढं पिंप भरा. बॅग मोजायचा हुकवाला काटा घ्या, फिन त्याला लटकवून पाण्यात सोडा, फूट पॉकेटमधली (पाऊल घालायच्या खोबणीतली) हवा हलवून बाहेर काढा. काटा दाखवेल ते त्याचं पाण्यातलं वजन. फिन तरंगत असेल तर आधी १ किलोचं शिसं पाण्यात बुडवून मोजा, मग तेच शिसं फिनला बांधून पुन्हा मोजा; आकडा जेवढा घटला तेवढी फिनची उचल. पिंपातलं पाणी गोडं असल्यामुळे समुद्रात उचल किंचित जास्तच मिळेल. ३ मिमी वेटसूट वापरणाऱ्याने जोडीचं पाण्यातलं वजन शून्य ते ४०० ग्रॅम यांच्या दरम्यान ठेवावं, असं आमचं मत आहे.

तरंगणारी जोडी आधीच घेतली असेल तर घोट्याला वजन बांधू नका. बॅगेतून काढलेलं वजन पुन्हा पायातच येतं आणि प्रत्येक किकला ते हलवावं लागतं. त्यापेक्षा बीसीडीच्या पट्ट्यात सिलिंडर २-३ सेंटीमीटर खाली, म्हणजे पायांकडे सरकवा आणि पुढच्या डाइव्हला फरक पाहा. पाय बुडत असतील तर उलट करा: सिलिंडर डोक्याकडे, आणि कमरेला बांधलेलं थोडं शिसं काढून बीसीडीच्या वरच्या छोट्या (ट्रिम) खिशात.

स्नॉर्केलिंगचे आखूड फिन्स स्कूबाला वापरणं

ऑनलाइन शोधात ‘ट्रॅव्हल फिन्स’ म्हणून हेच आधी समोर येतात. वजनाला किलोच्या आत, आखूड, मऊ. पृष्ठभागावर तरंगणाऱ्या माणसाला ते पुरतात. बीसीडी आणि सिलिंडर चढवला की पाण्याचा अडथळा कितीतरी वाढतो, आणि वेग दुप्पट करायचा तर हा अडथळा चौपट होतो, लागणारी ताकद आठपट. एक नॉटचा प्रवाह म्हणजे सेकंदाला साधारण अर्धा मीटर. त्याच्या विरुद्ध चांगले फिन्स घालूनही फार वेळ टिकता येत नाही. फिन्समध्ये जोर लागतो तो शर्यतीसाठी नव्हे, बोटीची दोरी चार मीटरवर दिसत असताना तिथवर पोचण्यासाठी.

लांबीचा हिशेबही करा. केबिन बॅगचं प्रचलित माप ५५ बाय ३५ सेंटीमीटर. तिरपं मोजलं तर बाहेरून ६५. चाकं आणि भिंतींची जाडी वजा जाता ६० च्या वरचा फिन तिच्यात बसत नाही, मग तो कितीही हलका असो.

मऊ म्हणजे आरामदायी असं समजणं

वजन वाढलं म्हणून जोर वाढत नाही. जोर ठरतो तो ब्लेडच्या क्षेत्रफळावर, ताठपणावर, कडेच्या पट्ट्यांवर आणि पावलाशी असलेल्या ब्लेडच्या कोनावर. आपलं पाऊल पूर्ण ताणलं तरी पायाच्या सरळ रेषेत येत नाही, म्हणून थोडं खाली झुकवलेलं ब्लेड तेवढ्याच श्रमात जास्त पाणी मागे ढकलतं. वजन कमी करताना कंपनीने काय कापलं ते पाहा. टाचेकडचा भाग, जाड बकल, फूट पॉकेटचा तळवा कापला असेल तर चालेल. कडेच्या पट्ट्या बारीक केल्या असतील तर ती जोडी परत ठेवा.

दुकानात एवढं करा. फूट पॉकेट हातात घट्ट धरा, ब्लेडचं टोक फरशीवर टेकवा आणि दाबा. वाक ब्लेडच्या मधल्या भागात पडायला हवा. फूट पॉकेट आणि ब्लेड जुळतात तिथेच मोडल्यासारखा वाकला, तर तुमची ताकद तिथेच वाया जाणार. सोडल्यावर ब्लेड झटकन सरळ व्हायला हवं; रेंगाळत सरळ होणारं नको.

पाण्यातली चाचणी याहून खरी. घोडबंदर रोड किंवा खारघरच्या सोसायट्यांमधले बरेचसे पोहण्याचे तलाव लहान आणि उथळ असतात, तिथे लांब पल्ला मिळत नाही. फिन्स चालतात का, हे तिथल्या माणसाला आधी विचारून घ्या. मग कमरेच्या पट्ट्याला दोरी बांधा. दुसरं टोक स्प्रिंगच्या काट्याला, आणि काटा काठावर उभ्या असलेल्या सोबत्याच्या हातात. डिजिटल काटा आकडा गोठवतो, म्हणून स्प्रिंगचाच घ्या. पोटावर तरंगून, दोरी ताणून, एक मिनिट एकसारखी किक मारा. सोबत्याने दहाव्या, तिसाव्या आणि साठाव्या सेकंदाचा आकडा लिहावा. पुरेशी विश्रांती घेऊन दुसरी जोडी तशीच तपासा. दहाव्या सेकंदाला जास्त आणि साठाव्याला निम्म्यावर आलेली जोडी तुमच्या पायांना जास्त कडक आहे. सुरुवातीला थोडी कमी, पण मिनिटभर जवळपास तोच आकडा देणारी जोडी घ्या. २५ मीटरचा तलाव मिळाला तर पूर्ण गिअर घालून सोबत्याला ओढून न्या. ओपन वॉटर या सुरुवातीच्या डायव्हिंग कोर्समध्ये थकलेल्या डायव्हरला एवढंच अंतर ओढायला लावतात.

चपलेच्या नंबरवरून मागवणं

ओपन हील (टाच उघडी, मागे पट्टा असलेले) फिन ज्या बुटांवर वापरणार तेच बूट घालून पाहावेत. बूट नंतर घेऊ म्हटलं तर ३ मिमी आणि ५ मिमीच्या तळव्यातला फरकच फिटिंग बिघडवतो. पाऊल आत घालून, पट्टा न लावता पाय हवेत हलवा: फिन लगेच गळून पडला तर सैल आहे. पावलाच्या वर किंवा बाजूला रिकामी जागा राहिली की किकची पहिली ताकद ती पोकळी भरण्यातच जाते.

अनवाणी घालायच्या हलक्या फिन्सचा मोह स्वाभाविक आहे, कारण बुटांचंही वजन वाचतं. बोटीवरून उडी मारणार असाल तर उत्तम. किनाऱ्यावरून चालत उतरायचं असेल तर प्रवाळाचे खडक आणि कालवांच्या धारदार कडा तळवा कापतात. तिथे बूट हवेतच.

स्प्लिट (मधोमध चिरलेल्या ब्लेडच्या) फिन्सबद्दल थोडक्यात: गुडघे दुखणाऱ्यांना फ्लटर किकमध्ये (पाय आळीपाळीने वर-खाली मारताना) ते सोपे जातात, पण फ्रॉग किक (बेडकासारखे दोन्ही पाय बाजूला फेकणं) आणि मागे सरकणं त्यांच्यावर नीट जमत नाही. मालवणसारख्या वाळूच्या तळावर फ्रॉग किकच हवी, नाहीतर मागच्याला गढूळ पाण्याशिवाय काही दिसणार नाही.

लक्षणावरून दोष ओळखा

पोटरीत गोळा आला: ब्लेड कडक, किंवा पट्टा फार आवळलेला. थांबा, फिनचं टोक हाताने स्वतःकडे ओढा, पोटरी ताणा. पुढच्या वेळी किक मांडीतून मारा.

पाय भराभर चालतात पण अंतर कापलं जात नाही: ब्लेड मऊ, किंवा सायकल चालवल्यासारखे गुडघे दुमडले जाताहेत. फिन्स बदलण्याआधी सोबत्याला व्हिडिओ काढायला सांगा. पुष्कळदा दोष किकचाच असतो.

तळवा दुखतो: फूट पॉकेटचा तळ फार पातळ आहे. हलक्या फिन्समध्ये हे नेहमीचं, आणि यावर जाड तळव्याच्या बुटाशिवाय इलाज नाही.

माळ्यावर कोंबून ठेवणं

ठाण्याच्या दमट हवेत, जून ते सप्टेंबर पडून राहिलेले हलके फिन्स जाड रबरी फिन्सपेक्षा लवकर बिघडतात. गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवा, सावलीत वाळवा, फूट पॉकेटमधला प्लॅस्टिकचा साचा परत घाला आणि आडवे ठेवा. टोकावर उभे ठेवले तर पातळ ब्लेडला कायमचा बाक येतो, आणि तसा एक फिन तुम्हाला प्रत्येक किकला एका बाजूला ओढतो. उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीतही नकोत. रबरी पट्टा दोन्ही हातांनी ताणून पाहा. बकलजवळ बारीक भेगा दिसल्या तर निघण्यापूर्वीच बदला, आणि एक जादा पट्टा बॅगेत टाका. त्याचं वजन शंभर ग्रॅमच्या आसपासच भरतं.